उंटाच्या पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रांत उंट फारसे आढळत नाहींत. परंतु मराठी भाषेनें या प्राण्याला आपल्या घरांत केव्हांच जागा दिलेली आहे. रांजणांत मान अडकलेल्या वासराची सुटका कशी करावी, हें सांगावयास आलेला उंटावरचा शहाणा लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. खालीं उतरण्याची तसदी नको म्हणून त्यानें अगोदर घराची भिंत पाडावयास लावली, आणि शेवटीं घरधन्याचें वासरूहि गेलें व रांजणहि फुटला. उंटावरून शेळ्या हांकणाराहि असाच प्रसिद्ध आहे. या दोन्ही ठिकाणीं भाषेनें हसें केलें आहे तें वर बसलेल्या माणसाचें. उंटाला तिनें नांव ठेवलेलें नाहीं. हा न्याय किती योग्य आहे, हें उंटाविषयींच्या ज्ञानाचा इतिहास पाहिला असतां चांगलें ध्यानांत येतें. जवळजवळ दोन हजार वर्षें माणसानें उंटाविषयीं जें लिहिलें, त्यांतील पुष्कळसें उंटावर बसूनच लिहिलें. खालीं उतरून, तराजू व उष्णतामापक हातीं घेऊन त्याची पारख करण्याचें काम विसाव्या शतकाच्या मध्यावर झालें.

उंट वाळवंटांत पाण्यावांचून कसा राहतो, असा प्रश्न कोणत्याहि सुशिक्षित घरांत केला, तर लहान मुलगाहि चटकन् उत्तर देईल कीं, तो मदारींत पाणी सांठवून ठेवतो. त्याहून थोडें अधिक वाचलेला गृहस्थ सांगेल कीं, पाणी मदारींत नसतें, तें पोटांतील पिशव्यांत असतें. ही समजूत फार जुनी आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहून ठेवलें कीं, उंट चार चार दिवस तहान सोसतो, आणि पाणी मिळालें म्हणजे झालेल्या दिवसांची भरपाई व पुढच्या दिवसांची बेगमी एकाच वेळीं करून घेतो. पुढें शरीरशास्त्रज्ञांना उंटाच्या कोठ्याच्या भिंतींत लहान लहान कप्पे आढळले. त्यांनीं त्यांना जलकोश असें नांव दिलें, आणि प्राचीन समजुतीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखें झालें. तहानेनें व्याकुळ झालेले प्रवासी उंट मारून त्याच्या पोटांतील पाणी पितात, ही गोष्टहि पुस्तकांपुस्तकांतून फिरत राहिली.

अशी समजूत निरुपद्रवी आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. तथापि तिची किंमत कोणाला द्यावी लागली, याचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे. सन १८८४ च्या अखेरीस सुदानांतील खार्टूम शहरीं जनरल गॉर्डन वेढ्यांत सांपडला होता. त्याच्या सुटकेसाठीं निघालेल्या ब्रिटिश फौजेनें नाईल नदीचें मोठें वळण टाळावें म्हणून एक तुकडी उंटांवरून पाठविली. कोर्टीपासून मेटेम्मापर्यंत सुमारे १७५ मैलांचें बायूदा वाळवंट तिला ओलांडावयाचें होतें. उंट पुरेसे नव्हते. म्हणून सामानसुमान निम्म्या वाटेवरील विहिरींपर्यंत पोंचवून तेच उंट परत आणावयाचे व पुन्हा तीच मजल करावयाची, असा क्रम ठरला. उंट हा सोशिक, त्याचें चारापाण्यावांचून भागतें, या भरंवशावर त्यांना अपुरा चारा व त्याहून अपुरें पाणी देण्यांत आलें. खोगिरांनीं पाठी सोलून निघाल्या. जहाजांच्या फळ्यांतील फटी बुजविण्याचा काथ्या नौसैनिकांनीं त्या जखमांत भरला आणि उंटांना पुन्हा वाटेस लावलें. वाटेवर ते थव्यांनीं मरून पडले. खार्टूम २६ जानेवारी १८८५ रोजीं पडलें, आणि मदतीच्या आगबोटी तेथें पोंचल्या त्या त्यानंतर दोन दिवसांनीं. या अपयशाचीं कारणें अनेक होतीं. परंतु ज्या जनावरांच्या पाठीवर सारी मोहीम उभी होती, त्यांना काय हवें असतें हें स्वारांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक होतें, ही गोष्ट खरी.

मग उंटाला किती पाणी लागतें? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध १९५३-५४ सालीं सहाराच्या वाळवंटांत झाला. नॉर्वेंत जन्मलेले व अमेरिकेंत संशोधन करणारे क्नूट श्मिट-नील्सन हे आपली पत्नी बोडिल व कांहीं सहकारी यांसह अल्जीरियांतील बेनी अब्बेस या ओअॅसिसमध्यें जाऊन राहिले. बोडिल या स्वतः शरीरशास्त्रज्ञ असून नोबेल पारितोषिकाचे मानकरी ऑगस्ट क्रोग यांच्या कन्या होत. या मंडळींनीं उंट विकत घेतले, ऐन उन्हाळ्यांत त्यांचें पाणी तोडलें, आणि प्रत्यहीं त्यांचें वजन, तापमान, रक्त व मूत्र तपासलें. उंटाकडे पाण्याचा गुप्त सांठा आहे कीं नाहीं, याचा निकाल त्या तराजूवर लागावयाचा होता.

प्रथम मदारीचा विचार करूं गेल्यास, तिच्यांत पाणी नसून चरबी असते. चांगल्या पोसलेल्या उंटाची मदार ताठ व भरदार असते. उपासमार झाली म्हणजे ती सैल पडते व एका अंगास कलते. मदार ही अन्नाची कोठी आहे. यावर कोणी असा युक्तिवाद करील कीं, चरबी शरीरांत जळली म्हणजे तिच्यापासून पाणी तयार होतें. तेव्हां चरबी म्हणजे एका अर्थीं पाणीच. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें यांत तथ्य आहे. एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅमहून किंचित् अधिक पाणी निपजतें. परंतु ती जाळावयास प्राणवायु लागतो, प्राणवायूसाठीं श्वास घ्यावा लागतो, आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेंत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरांतील ओल बाहेर जाते. जमाखर्च मांडला असतां मिळालेलें पाणी मिळविण्यांतच संपतें. मदारीचा उपयोग निराळाच आहे. चरबी अंगभर कातडीखालीं पसरली असती, तर रजई पांघरल्यासारखी शरीरांतील उष्णता आंतच कोंडली गेली असती. ती पाठीवर एके ठिकाणीं सांठविल्यामुळें बाकीचें अंग उष्णता बाहेर टाकण्यास मोकळें राहतें.

पोटांतील जलकोशांचीहि अशीच वासलात लागली. त्या कप्प्यांत जो द्रव सांपडतो, तो थोडा असतो आणि रवंथ करणाऱ्या कोणत्याहि जनावराच्या कोठ्यांतील पाचक रसासारखाच असतो. तात्पर्य, उंटाच्या शरीरांत पाण्याचा रांजण कोठेंहि नाहीं. इतर प्राण्यांच्या मानानें त्याच्याजवळ अधिक पाणी नसतें. मग ज्या उन्हांत माणूस एका दिवसांत अर्धमेला होईल, त्या उन्हांत सुमारे आठवडाभर पाण्याच्या थेंबावांचून हा प्राणी उभा कसा राहतो? याचें उत्तर त्याच्या जमेच्या बाजूस शोधून सांपडत नाहीं. तें खर्चाच्या बाजूस आहे.

उष्ण प्रदेशांत शरीराचा सर्वांत मोठा पाण्याचा खर्च म्हणजे घाम. मातीच्या माठांतून पाणी झिरपतें, त्याची वाफ होते आणि आंतील पाणी गार राहतें, हें प्रत्येक गृहिणीच्या रोजच्या पाहण्यांतलें आहे. घामाचें कार्य नेमकें तेंच होय. माणसाचें शरीर आपलें तापमान ३७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवण्याविषयीं फार आग्रही असतें. तेथून तें एकदोन अंश चढूं लागलें कीं अंगांतून घामाच्या धारा सुटतात. उंट हा आग्रह धरीत नाहीं. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचें तापमान दिवसभरांत सुमारे दोनच अंशांनीं वरखालीं होतें; परंतु पाणी तोडलेल्या उंटाचें तापमान पहांटे ३४ अंशांपर्यंत उतरतें व भर दुपारीं ४० अंशांच्याहि वर जातें. जाड भिंतींचा वाडा दिवसभर ऊन पितो आणि रात्रीं तें हळूहळू सोडून देतो, त्यांतलाच हा प्रकार आहे. दुपारची उष्णता घाम खर्चून बाहेर घालविण्याऐवजीं उंट ती अंगांत सांठवितो व रात्रीच्या थंड हवेला फुकटांत देऊन टाकतो. पांचशें किलो वजनाच्या उंटाचें तापमान सहा अंश चढलें, तर तेवढ्यानें दिवसाकांठीं चार ते पांच लिटर पाणी वांचतें. शिवाय अंग तापलेलें असल्यामुळें बाहेरच्या हवेंतून येणारी उष्णताहि कमी येते.

दुसरी काटकसर लोकरीची आहे. वाळवंटांतील प्राण्याला जाड लोकर कशाला, अशी शंका स्वाभाविक आहे. श्मिट-नील्सन यांनीं एका उंटाची लोकर कातरून पाहिली. लोकर असलेल्या उंटाच्या मानानें त्याचा पाण्याचा खर्च सुमारे दीडपट झाला! थंडीच्या दिवसांत जी लोकर आंतील ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, तीच उन्हाळ्यांत बाहेरील ताप आंत येऊं देत नाहीं. उंटाची बसण्याची तऱ्हाहि विचार करण्याजोगी आहे. दुपारीं तो सूर्याच्या रोखानें तोंड करून बसतो, म्हणजे उन्हाला कमींत कमी अंग सांपडतें. त्याच्या छातीखालीं कठीण कातडीचा एक जाड घट्टा असतो. त्यावर भार टेकल्यामुळें पोट तापल्या वाळूपासून थोडें उचललेलें राहतें आणि खालून वारा खेळतो. बरेच उंट असले म्हणजे ते एकमेकांना खेटून बसतात व परस्परांना सावली करतात.

तिसरी काटकसर नाकांत आहे. उंटाच्या नाकाच्या आंत गुंडाळलेल्या कागदासारखीं पातळ हाडें असून त्यांवर त्वचेचें आवरण असतें, आणि त्यामुळें हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग फार मोठा झालेला असतो. तहानलेला उंट रात्रीं श्वास घेतो, तेव्हां आंत येणारी थंड व कोरडी हवा हा पृष्ठभाग गार व कोरडा करते. मग फुप्फुसांतून परत जाणारी उष्ण, दमट हवा त्याच पृष्ठभागावरून जातांना आपली ओल तेथेंच ठेवून जाते. उच्छ्वासाबरोबर एरवीं वाया गेलें असतें त्यापैकीं निम्म्याहून अधिक पाणी अशा रीतीनें परत मिळतें, असें १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आलें. मूत्रपिंडेंहि तितकींच दक्ष असतात. तीं समुद्राच्या पाण्याहूनहि अधिक क्षारयुक्त असें मूत्र अगदीं थोड्या पाण्यांत बाहेर टाकतात. चारा निःसत्त्व असला, तर मूत्रावाटे जावयाचें युरिया हें द्रव्य उंट पुन्हा कोठ्यांत घेतो. तेथील सूक्ष्म जंतु त्यापासून पौष्टिक द्रव्यें तयार करतात, आणि तें बाहेर टाकण्यासाठीं लागणारें पाणीहि वांचतें. त्याच्या लेंड्या तर इतक्या कोरड्या असतात कीं, वाळवंटांतील लोक त्या लगेच चुलींत घालूं शकतात.

इतकी काटकसर करूनहि खर्च होतोच. पाणी न पितां दिवस जाऊं लागले कीं उंट झडत जातो. त्याच्या बरगड्या दिसूं लागतात, पोट खपाटीला जातें. आणि येथें त्याचें खरें सामर्थ्य प्रकट होतें. उन्हांत सांपडलेल्या माणसाच्या वजनाचा दहावा-आठवा हिस्सा पाण्याच्या रूपानें गेला कीं तो वांचत नाहीं. पाणी कमी होतें तसें रक्त दाट होतें, दाट झालेलें रक्त आंतील उष्णता कातडीपर्यंत वाहून नेऊं शकत नाहीं, आणि मग शरीराचें तापमान एकाएकीं भडकून मृत्यु येतो. उंटाच्या वजनाचा चौथा हिस्सा घटला तरी तो चालत असतो. याचें कारण, तो तूट भरून काढतो ती पेशींतील, पेशींभोवतालच्या व पोटांतील पाण्यांतून. रक्ताला तो फारसा हात लावीत नाहीं. शरीरांतील एवढें पाणी गेल्यावरहि त्याच्या रक्तांतील द्रवाची घट दहाव्या हिश्शाच्या आंतच असते. घरांत कितीहि ओढाताण झाली तरी बीं-बियाणें मोडून न खाणाऱ्या शेतकऱ्याची ही रीत आहे.

पुढें विहीर लागते. बेनी अब्बेस येथील एका तहानलेल्या उंटानें सुमारे १०० लिटर पाणी अवघ्या दहा मिनिटांत पिऊन टाकलें. कित्येक दिवसांचें कर्ज त्यानें एका बैठकींत फेडलें! इतकें पाणी एकदम रक्तांत उतरलें, तर दुसऱ्या प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुगून फुटतात. उंटाच्या रक्तपेशी वाटोळ्या नसून लंबगोल असतात, आणि मूळच्या आकाराच्या दुपटीहून अधिक फुगल्या तरी फुटत नाहींत. परंतु या प्रयोगांतील सर्वांत महत्त्वाची नोंद निराळीच आहे. उंटाचें पाणी पिण्यापूर्वींचें वजन व नंतरचें वजन ताडून पाहतां असें आढळलें कीं, जेवढी तूट पडली होती तेवढीच तो भरून काढतो, त्याहून अधिक पीत नाहीं. झालेल्या दिवसांची भरपाई, हें प्लिनीचें अर्धें म्हणणें खरें ठरलें. पुढच्या दिवसांची बेगमी मात्र खोटी. बायूदा वाळवंटांतील उंट ज्या भरंवशावर हांकण्यांत आले, तो भरंवसाच मुळीं अस्तित्वांत नव्हता. विहिरीवर पोटभर पाणी न मिळालेला उंट पुढच्या मजलेला निघाला, म्हणजे तो मागील कर्ज अंगावर घेऊनच निघाला. आणि कर्ज सोसण्यालाहि मर्यादा असते.

पाण्याखेरीज वाळवंटाचे दुसरेहि जाच आहेत. वावटळींत उंट आपल्या फटीसारख्या नाकपुड्या मिटून घेतो. डोळ्यांवर लांब पापण्यांच्या केसांच्या दोन रांगा असतात, आणि आंत एक पातळ तिसरी पापणी असते. ती डोळ्यांतील वाळू पुसून काढते. पायाला दोनच बोटें असून त्यांखालीं रुंद, मऊ तळवा असतो. टाप वाळूंत रुतते तेथें हा तळवा पसरतो व भार वांटून घेतो. तोंडाच्या आंत कठीण टोंकदार उंचवटे असल्यामुळें बाभळीचे कांटे त्याला बाधत नाहींत. तो एका झुडपाचे चार घांस घेऊन दुसऱ्याकडे जातो. हिवाळ्यांत हिरवा पाला मिळाला, तर त्यांतील ओलीवरच महिनेच्या महिने तो विहिरीकडे फिरकत नाहीं.

हीं साधनें वाळवंटासाठींच घडविलीं गेलीं, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु सृष्टीचा इतिहास इतका सरळ नाहीं. उंटांचें कुळ मूळचें उत्तर अमेरिकेंतील. तेथून कांहीं शाखा आशियांत उतरल्या, कांहीं दक्षिण अमेरिकेंत गेल्या व त्यांचे लामा झाले. मूळच्या भूमींत मात्र उंट उरला नाहीं. कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील एल्समिअर बेटावर एका प्रचंड उंटाच्या हाडाचे तुकडे सांपडले, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. तो सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वींचा होता. त्या काळीं तेथें अरण्य असे, आणि सहा महिन्यांचा अंधारा, हिमाचा हिवाळा असे. त्यावरून कांहीं शास्त्रज्ञांचा असा तर्क आहे कीं, रुंद तळवे प्रथम बर्फावर उपयोगी पडले असावेत, आणि मदार त्या लांब हिवाळ्याची शिदोरी असावी. वाळवंटानें उंटाच्या जुन्या शिदोरीचा नवा उपयोग करून घेतला.

आपल्या देशांत उंटाचें घर म्हणजे राजस्थान व कच्छ. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांचें 'गंगा रिसाला' हें उंटदळ पहिल्या महायुद्धांत इजिप्तपर्यंत जाऊन लढलें. बिकानेर येथेंच १९८४ सालीं उंटाच्या संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें, आणि २०१४ सालीं राजस्थाननें उंटाला राज्याच्या प्राण्याचा मान दिला. मानाबरोबर संख्या मात्र वाढली नाहीं. २०१२ च्या पशुगणनेंत भारतांत सुमारे चार लाख उंट होते. २०१९ च्या गणनेंत ते अडीच लाखांच्या घरांत आले. जेथें उंट ओझीं नेत असत तेथें सडका व मोटारलॉऱ्या आल्या, मोटेवर व नांगरावर यंत्रें आलीं, आणि जेथें तो चरत असे तेथें कालव्याच्या पाण्यावर शेतें झालीं. पाणी आलें याचा आनंद मानावयाचा, तोंच जो पाण्यावांचून जगत आला त्याचा चारा तुटला.

पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारे राजस्थानांतील राईका लोक उंटाच्या जन्माची एक कथा सांगतात. पार्वतीनें खेळतां खेळतां मातीचें एक पांच पायांचें जनावर केलें आणि शंकराकडून त्यांत प्राण घालविला. पांच पायांनीं त्याला धड चालतां येईना, तेव्हां शंकरानें पांचवा पाय वर ढकलला. तीच मदार झाली. मग या विचित्र जनावराची देखभाल करावयास कोणी तरी हवें, म्हणून शंकरानें पहिला राईका निर्माण केला. या कथेंतील मदारींत पाणी नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांनीं उंटाच्या शेजारीं, जमिनीवर उभें राहून आयुष्य घालविलें, त्यांना उंटाला विहीर दाखवावी लागते हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं; आणि उंटाबरोबर त्याला संभाळणारा माणूसहि हवा, हें तर ते कथेच्या पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.